घाटाचा रस्ता आणि जुन्या फियाटचे मागचे ब्रेक

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि चार महिने एका ठिकाणी स्थिरावलेले साधु-साध्वीजी पुन्हा पदविहारास निघतात. मुंबई आणि पुणे यांना जोडणारा त्यांचा एक मार्ग जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जातो. वडगाव, कामशेत, कार्ले, लोणावळा, खंडाळा आणि पुढे बोरघाट उतरून खोपोली. रस्त्याच्या कडेने, अनवाणी, नजर चार हात पुढच्या जमिनीवर ठेवून चालणारी ती श्वेतवस्त्रधारी रांग मावळातील बाजारपेठांना नवी नाही. या भूमीचा श्रमणांशी असलेला संबंध तर फारच जुना आहे. कामशेतजवळच्या पाले गावच्या लेण्यात अरिहंतांना नमन करून सुरू होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी येथे पाण्याची पोढी खोदवली, त्या दानाची नोंद त्यात आहे.

त्याच दिवसांत आणखी एक हालचाल सुरू होते. पाऊस ओसरलेला असतो, दिवाळी झालेली असते आणि लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतून, पुण्या-मुंबईच्या वाड्या-सोसायट्यांतून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारी बाहेर निघतात. आजोबांनी घेतलेली फियाट, काकांची ॲम्बॅसडर. रंग पुन्हा चढवलेला, क्रोम चमकवलेले, सीटांना नवी खोळ. कुटुंबातील तिसरी पिढी ती गाडी हौसेने घाटात काढते. वर चढताना इंजिन तापते, सगळे खाली उतरतात, रेडिएटरमध्ये पाणी घालतात, छायाचित्रे निघतात. त्यात धोका फारसा नसतो, गंमत मात्र पुष्कळ असते. धोका असतो तो परतीच्या उतारावर, आणि तो अशा जागी दडलेला असतो जिथे पॉलिशचा बोळा कधी पोहोचत नाही, म्हणजे मागच्या चाकांच्या ड्रममध्ये.

विहारातील साधु-साध्वीजींना रस्ते अपघातांत गमवावे लागल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. दर वेळी सभा होतात, निवेदने दिली जातात, विहारसेवेला तरुण उभे राहतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु वाहन बाळगणाऱ्या श्रावकाच्या हाती याहून जवळचा एक उपाय आहे आणि तो त्याच्या स्वतःच्या गाडीखाली आहे. साधूंच्या पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती, म्हणजे चालताना कोणत्याही जीवाला बाधा पोहोचू नये अशी दक्षता. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. तिच्या चालकाची जयणा नजरेइतकीच ब्रेकच्या शूवर अवलंबून असते.

जुन्या फियाटचा विषय जैन कुटुंबात निघाला की वालचंद हिराचंद यांचे नाव येतेच, आणि ते येणे योग्यही आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या वालचंदांनी घरच्या सूत-सावकारीकडे पाठ फिरवून रेल्वेची कंत्राटे घेतली. त्यांच्या बांधकाम कंपनीने केलेल्या मोठ्या कामांत बोरघाटातील रेल्वे बोगद्यांचे काम होते. पुढे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा ध्यास त्यांनी घेतला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या, नंतर इटलीच्या फियाटच्या. १९५० च्या दशकातली गोलसर 'डुक्कर फियाट' त्यांपैकीच. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, काही काळ ती 'प्रेसिडेंट' म्हणून विकली गेली आणि १९७४ मध्ये तिचेच नामकरण 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मर्यादा संपून निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र अजून पुष्कळ घरांत आहेत. ज्या घाटात वालचंदांच्या कंपनीने बोगदे खोदले, त्याच घाटात त्यांच्या कारखान्याच्या मोटारी अर्धे शतक चढल्या-उतरल्या. घाट बदललेला नाही. गाड्या म्हाताऱ्या झाल्या आहेत.

घाटाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे, खोपोली साठ-सत्तर मीटर. म्हणजे जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांत गाडी साडेपाचशे मीटर खाली येते. पद्मिनीचे स्वतःचे वजन नऊशे किलोच्या आसपास, त्यात चार माणसे आणि सामान धरले तर बाराशे किलो. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे वीस लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. काही भाग वारा आणि टायर घेतात, काही इंजिन घेते. चालकाने इंजिनला काम दिले नाही तर उरलेली सगळी उष्णता चार ड्रममध्ये जाते. शेगडीवर ठेवलेल्या पातेल्यात आणि त्या ड्रममध्ये मग फारसा फरक राहत नाही.

रेल्वेने हा हिशेब फार पूर्वी ओळखला. बोरघाटातील लोहमार्गाचा चढ १:३७ चा आहे. चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावली जातात, हे प्रत्येक प्रवाशाने पाहिलेले असते. पण उतरणाऱ्या गाड्या घाटात तांत्रिक थांबा घेऊन ब्रेकची खात्री करूनच पुढे सरकतात, आणि आवरेनाशी झालेली गाडी चढावर वळवून थांबवण्यासाठी तेथे स्वतंत्र मार्गिका ठेवल्या आहेत, याकडे खिडकीतून दरी पाहणाऱ्यांचे लक्ष जात नाही. रस्त्यावर अशी सक्ती कोणी करत नाही. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत हा घाटरस्ता वाहतुकीला खुला झाला, तेव्हापासून उतरण्याआधी थांबायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या विवेकावर आहे. ट्रकचालक शिंगरोबाच्या देवळापाशी वेग कमी करून नाणे टाकतात. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराची आख्यायिका खरी असो वा नसो, क्षणभर गाडी आवरण्याची सवय वाईट नाही.

आता मागच्या ब्रेककडे वळावे. ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू, शूवर बसवलेले लायनर, आणि दोन्ही शू बाहेर ढकलणारा छोटा व्हील सिलिंडर. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांवाटे व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो, त्यातील रबरी वॉशर आणि पिस्टन शूला ढकलतात, लायनर ड्रमला घासतो. पाय काढला की स्प्रिंगा शूला परत ओढून घेतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाही हेच होते, आजही बहुतेक छोट्या मोटारींच्या मागच्या चाकांत हेच असते.

गाडी थांबताना तिचे वजन पुढच्या चाकांवर झुकते, उतारावर तर ते आणखीच झुकते. त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचे ब्रेक करतात आणि मागच्यांचा वाटा लहान राहतो. याच कारणाने मागच्या ब्रेककडे दुर्लक्ष होते. गाडी थांबते आहे ना, मग झाले, असे म्हणून मिस्त्री पुढचे लायनर बदलतो आणि मागचे ड्रम न उघडताच गाडी परत देतो. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या त्या ड्रममध्ये काय चालले आहे, हे मालकालाही ठाऊक नसते.

तेथे काय चालते ते मावळच्या हवेने ठरते. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमच्या आत गंजाचा थर चढतो. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, ती हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभी ठेवली तर लायनर ड्रमला चिकटून बसतात, आणि दसऱ्याला गाडी हलवताना 'खट्' असा आवाज येऊन लायनरचा तुकडाच सुटतो. अशा गाड्या गिअरमध्ये टाकून, चाकांना लाकडी ठोकळे लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवाव्यात. व्हील सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंजाचे खड्डे पडले की रबरी वॉशर त्यावर घासून फाटतो आणि ऑइल पाझरू लागते. दुसरीकडे मागच्या ॲक्सलचे ऑइल सील म्हातारे झालेले असते. गिअर ऑइल थेंबाथेंबाने ड्रममध्ये उतरते आणि लायनर त्यात भिजतात. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन, तापवून पुन्हा बसवण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे. वरून कोरडा दिसणारा तो लायनर घाटात गरम झाला की आतले तेल पुन्हा वर आणतो. तो फेकून द्यावा, आणि नवा बसवण्याआधी सील बदलावे. सील तसेच ठेवून लायनर बदलणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे होय.

यात खरा घात कोठे आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या काळच्या अनेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी होता, म्हणजे चारही चाकांना ऑइल पुरवणारा दाब एकाच कोठीतून निघत असे. मागच्या एका चाकातला एक छोटा रबरी वॉशर फाटला तरी दाब तेथून निसटतो आणि पुढचे ब्रेक कितीही नवे असले तरी पेडल तळाला जाते. एका दुकानाची उधारी बुडाली म्हणून चारही दुकानांचे शटर खाली यावे, तसा हा प्रकार आहे. मागच्या ब्रेकचा वाटा लहान, पण त्याच्या बिघाडाची शिक्षा सगळ्या गाडीला होते. म्हणून जुन्या गाडीत मागचे ड्रम उघडून पाहणे हे दुय्यम काम समजू नये.

येथे हौशी मंडळींचा नेहमीचा प्रश्न येतो. ड्रम काढून मागे डिस्क ब्रेक बसवले तर? सुटे भाग मिळतात, लेथवाला ब्रॅकेट करून देतो, जाळीच्या चाकातून चकती छानही दिसते. उत्तर स्पष्ट आहे. मागे डिस्क बसवणे हा अशा गाडीसाठी सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत कमी उपयोगाचा खर्च आहे, आणि चुकीच्या मापाने केला तर तो घातकही ठरतो. ब्रेक लागताना मागचे चाक हलके झालेले असते. त्यावर जास्त जोर पडला तर ते फिरायचे थांबून घसरते, आणि मागची चाके घसरली की गाडीची शेपटी बाजूला फिरते. ओल्या वळणावर हे सावरणे निष्णात चालकालाही जड जाते. खुद्द फियाटने १९६६ मध्ये इटलीत ११०० आर ही सुधारित गाडी काढली, तेव्हा डिस्क पुढे बसवल्या आणि मागे ड्रमच ठेवले. ज्यांनी गाडी बनवली त्यांचा हिशेब गल्लीतल्या लेथपेक्षा पक्का असणार, एवढे मानायला हरकत नसावी.

सुधारणाच करायची असेल तर ती मागच्या चाकात करू नये, मास्टर सिलिंडरमध्ये करावी. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या दोन स्वतंत्र कोठ्या असतात. एक गळाली तरी दुसरी गाडी थांबवते. पेडल अधिक खाली जाईल, अंतर वाढेल, पण गाडी थांबेल. मात्र तोही अनुभवी मिस्त्रीकडून, योग्य मापाचा आणि योग्य नळ्यांसह बसवला पाहिजे. भोकाचे माप बदलले तर पायाला लागणारा जोर आणि पेडलची चाल दोन्ही बदलतात. कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, म्हणून काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. तिचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि अशी नोंदणी झाल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पिढीजात गाडी मूळ रूपात राखण्याला त्यामुळे भावनेपलीकडेही मोल आहे.

राहिले ते मूळचे काम, चोख करून घेण्याचे. शक्य असल्यास मालकाने त्या दिवशी गॅरेजमध्ये उभे राहावे. पेढीवर मालाची पोती उघडून पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ड्रम उघडून पाहायला संकोच वाटू नये.

गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना ठोकळे, मागची बाजू जॅकने उचलून मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही हात घालू नये. ड्रम निघाला की आत करडी भुकटी दिसते. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावी लागेल. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे अदृश्य तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि त्यांचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी, कर्करोगाच्या रूपानेही, प्रकट होतात. गॅरेजमध्ये हवेची नळी मारून ती भुकटी उडवण्याची रीत आहे, आणि बहुधा हे काम सर्वांत लहान वयाच्या पोराकडे असते. भुकटी पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, तोंडाला चांगला मास्क असावा. कीटकाला इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या घराने आपल्या गाडीची धूळ दुसऱ्याच्या मुलाच्या छातीत जाऊ देऊ नये. नवे लायनर ॲस्बेस्टॉसविरहित मागावेत आणि खोक्यावर तसे लिहिलेले पाहावे.

लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, डावीकडचा खराब आणि उजवीकडचा बरा असला तरीही. एकाच बाजूचा बदलला तर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते. रिव्हेट मारलेल्या लायनरमध्ये रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या आत खोल बसलेली असावीत, वर आलेले डोके ड्रमवर चर पाडते. ड्रमला चर पडले असतील किंवा तो लंबगोल झाला असेल तर लेथवर घासून घ्यावा लागतो, पण दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्या मापाला आले पाहिजेत आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपलीकडे धातू काढता कामा नये. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो. तसा ड्रम बदलावाच लागतो. स्प्रिंगाही नव्या घालाव्यात. हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा.

सुटे भाग घेताना व्यापारी डोळा कामी यावा. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला येथे जुन्या गाड्यांचे भाग अजून मिळतात. कित्येकदा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे मूळ पाकीट, सील न तुटलेले, दुकानदार मोठ्या अभिमानाने काढून दाखवतो. लोखंडी भागासाठी ते भाग्यच म्हणावे. रबरासाठी मात्र तसे नाही. रबर पाकिटातही म्हातारे होते. बोटांनी वाकवल्यावर बारीक चिरा दिसणारा वॉशर कितीही 'ओरिजिनल' असला तरी तो घेऊ नये. आणखी एक चूक मापाची. पुढचा आणि मागचा व्हील सिलिंडर दिसायला भावंडांसारखे असतात, पण अनेक गाड्यांत त्यांच्या भोकाचे माप वेगळे असते, कारण मागे जोर कमी हवा असतो. 'तोच चालतो' असे दुकानात कोणी म्हणाले तर जुना सिलिंडर मापून पाहावा. पक्के बिल घ्यावे आणि ते गाडीच्या कागदांबरोबर जपावे. ज्या घरात साठ वर्षांपूर्वीच्या खतावण्या सापडतात, त्याच घरात गाडीचे लायनर शेवटचे कधी बदलले हे कोणालाच आठवत नाही, हा अनुभव दुर्मीळ नाही.

ब्रेक ऑइलबद्दल थोडे अधिक. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, आणि लोणावळ्याच्या हवेत ओलाव्याची वाण नाही. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यावर मात्र तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ड्रम तापतात, ओलावलेले ऑइल सिलिंडरमध्ये उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय दाबला की पेडल मळलेल्या कणकेसारखे मऊ लागते आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. म्हणून लायनर बदलले नाहीत तरी ऑइल दर दोन वर्षांनी, आणि मावळात राहणाऱ्या गाडीचे शक्यतो पावसाळा संपताच, पूर्ण बदलावे. डबा कंपनीचा आणि सीलबंद हवा. अर्धवट वापरून कपाटात ठेवलेला डबा पुन्हा वापरू नये. डॉट-५ हे सिलिकोनचे ऑइल वेगळ्या जातीचे आहे, ते या दोहोंत मिसळायचे नसते. इंजिन ऑइलचा किंवा ग्रीसचा थेंबही या व्यवस्थेत गेला तर रबर फुगून निकामी होते.

ऑइल भरल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते. एक जण पेडल दाबतो, दुसरा चाकामागचा निपल सैल करतो, पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालते. प्रारंभ मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून करायचा. आपल्याकडच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे चाक असते. या कामात घाई चालत नाही. पेडल घट्ट आणि वरच लागले पाहिजे, दोन-तीनदा पंप केल्यावर लागते हे पुरेसे नाही. निघालेले जुने ऑइल रंगावर सांडू देऊ नये, रंग उखडतो.

काम झाले म्हणजे गाडी लगेच घाटात नेऊ नये. नवा लायनर ड्रमच्या गोलाईला बसायला वेळ लागतो. वडगाव ते कामशेतच्या सपाट रस्त्यावर, सकाळी रहदारी कमी असताना, मध्यम वेगावरून हळूहळू थांबत वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावावेत आणि मध्ये ड्रमना थंड होऊ द्यावे. नंतर चाके हाताने चाचपावीत, स्पर्श न करता जवळून. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले असेल तर तेथे शू अडकतो आहे. पहिले तीन-चारशे किलोमीटर सपाटीवरच चालवून एकदा समायोजन पुन्हा तपासून घ्यावे.

आणि मग उतार. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये ती उतरावी, हा जुन्या चालकांचा नियम. त्याच पिढीतली पेट्रोल वाचवण्याची दुसरी सवय मात्र सोडून द्यावी. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, काही जण तर इंजिन बंद करून, सोडत असत. घाटभरात वाचणारे पेट्रोल एका कप चहाच्या किमतीचेही नसेल, आणि त्यासाठी इंजिनचा सगळा आवर सोडून वीस लिटर पाणी उकळवणारी ती उष्णता चार ड्रमवर टाकली जाते. ब्रेकवर पाय ठेवून घसरत उतरण्यापेक्षा ठाशीव दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण काढावा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले तर खालच्या गिअरमध्ये गाडी कडेला घेऊन उभी करावी, बोनेटवर पाणी ओतण्यात वेळ न घालवता नुसती थंड होऊ द्यावी. तापलेल्या ड्रमवर पाणी टाकले तर तो तडकू शकतो. पावसात किंवा पाणी साचलेल्या रस्त्यावरून आल्यावर ड्रममध्ये शिरलेले पाणी सुकवण्यासाठी हलका ब्रेक दाबून थोडे अंतर चालवावे, आणि ते घाट सुरू होण्याआधी, खंडाळ्यातच.

गॅरेजमधून निघताना शेवटचे काम त्या जुन्या ऑइलचे आणि भुकटीच्या फडक्याचे उरते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी याच मावळातून वाहत देहू-आळंदीला जाते, आणि गॅरेजमागचे गटार शेवटी तिलाच मिळते. ऑइल बाटलीत भरून झाकण घट्ट लावावे आणि वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे वेगळे म्हणून सांगून द्यावे. फडक्याची पिशवी त्यात मिसळू नये.